सुतळीनं शिवलेली पिशवी

द्वारकाबाईचा राग आणि शहागडच्या पुलावरून येणारा उसाचा ट्रक, दोन्ही समोरून आले की माणसानं बाजूला व्हावं. हॉर्नची वाट बघू नये. तीर्थपुरीच्या आसपासच्या चार गावांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका एसटीच्या कंडक्टरला मात्र ठाऊक नव्हतं. फाट्यावर बाई हात करून उभी असताना त्यानं घंटी दिली आणि गाडी तशीच पुढं दामटायला लावली. दुसऱ्या दिवशी बाई त्याच वेळेला वांग्याची पाटी घेऊन फाट्यावर आली, पाटी डांबरी रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि शेजारी मांडी घालून बसली. गाडी आली. थांबली. ड्रायव्हर हात जोडतोय, आतली माणसं ओरडतायत आणि ही म्हणते, "कालची गाडी कुठंय? मी कालच्या गाडीची वाट बघून राह्यले." तेव्हापासून त्या फाट्यावर द्वारकाबाई असो नसो, एसटी थांबते. एखाद्या दिवशी नुसतं कुत्रं उभं असलं तरी थांबते.

मग ही बाई भांडकुदळ होती का? बिलकुल नाही. भांडायला समोर माणूस लागतो. द्वारकाबाईच्या रागाला कुणी लागत नसे. पहाटे तो तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर शेण काढायचा, तिच्याबरोबर कापूस वेचायचा आणि संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या दोन्ही तळव्यांतून निघायचा. म्हणून तर तिच्या भाकरीसारखी पातळ भाकर गावात कुणाची होत नाही.

तिच्या नवऱ्याचं, कचरूबाचं, सगळं उलटं. माठातल्या पाण्यासारखा थंड माणूस. बैल दावं तोडून उधळला तरी "येईल की" म्हणणारा. त्याच्या नावाचीही एक गोष्ट आहे. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्या खेपेला त्याच्या आईनं, सखूबाईनं, बाळाला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं कचरू. नाव ऐकून सटवाईनं नाक मुरडावं आणि पुढच्या दाराला जावं, एवढीच त्यातली युक्ती. पोरगा जगला. नुसता जगला नाही, साठीला आला, आणि अजून ऊस दातानं सोलून खातो. आता सखूबाईचं म्हणणं कोण खोडून काढणार? म्हातारीनं त्या दिवशी मनाशी जी गाठ मारली ती ऐंशी उलटली तरी सोडली नाही. जे जिवाचं आहे ते झाकून ठेवावं, हलकं म्हणून सांगावं. आणि जे पोटात आहे त्याच्यासाठी तर सुईत दोरासुद्धा ओवू नये.

द्वारकाबाई सासूचं फार काही ऐकायची नाही, पण रीतीभाती पाळायची. नवऱ्याचं नाव तेहतीस वर्षांत तिनं तोंडातून काढलं नव्हतं. अंगण झाडून जे निघतं त्याला सगळं गाव कचरा म्हणतं, ही केर म्हणायची. ग्रामपंचायतीची घंटागाडी दारावरून गाणं वाजवत गेली की बाई कानावर पदर घ्यायची.

तर अशा घरात लेक बाळंतपणाला आली. अर्पिता, चोवीस वर्षांची, बी.ए. झालेली, नवरा ओमप्रकाश जालन्याला कंपनीत. पहिली खेप म्हणजे माहेरची. सातव्या महिन्यात बाई स्वतः जाऊन लेकीला घेऊन आली आणि तालुक्याला, घनसावंगीच्या दवाखान्यात, नाव घातलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि फाईलवर लाल पेनानं लिहून दिलं, की पोरीचं रक्त निगेटिव्ह आहे, हा कागद आल्याबरोबर पहिल्यांदा दाखवायचा. मग गावातली आशाताई घरी आली. ओट्यावर बसून चहा पीत म्हणाली, "मावशी, नववा लागला ना? मंग आता पिशवी भरून दाराशी ठेवा. पोरीचे दोन गाऊन, बाळाची स्वच्छ सुती कापडं, टोपडं, आधार कार्ड, फाईल. कळा सुरू झाल्यावर शोधाशोध न्हाई करायची."

आतून सखूबाई कडाडली, "ए बाई, चहा पी अन् जाय! पोटातल्यानं ऐकलं म्हंजी? घरात भरलेली पिशवी ठिवून त्याला काय पावणा म्हणून परत लावायचंय का?"

आशाताई हसून उठली. द्वारकाबाई हसली नाही. तिच्या कपाळाची शीर उभी राहिली. कारण या एका गोष्टीवरचा तिचा राग एकतीस वर्षांचा होता.

एकतीस वर्षांपूर्वी तिची पहिली खेप होती. माहेरी न्यायला आई, गिरिजाबाई, पुढच्या आठवड्यात येणार होती. त्याच्या आधीच, आठव्या महिन्यात, कळा सुरू झाल्या. घरात चिंधी जमवलेली नाही. सखूबाईनं जमवू दिली नव्हती. जीप दारात उभी आणि कापड शोधायला वेळ नाही. घनसावंगी चार किलोमीटरवर राहिली असताना जीपमध्येच पोरगा झाला. दिवाळीनंतरचे दिवस, बोचरा वारा. अंगावरचं लुगडं सगळं भरलेलं. तेव्हा जीपवाल्याचं फडकं पुढं आलं, ज्या फडक्यानं तो इंजिन पुसायचा. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते डिझेलच्या वासाचं. तीन दिवस जगला. थंडी बाधली, का त्या फडक्यातलं काही बाधलं, का आठव्या महिन्याचं लेकरू तसंही राहिलं नसतं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं कुणाला विचारलं नाही. पुढं कल्याण झाला, अर्पिता झाली, दोघं धडधाकट. पण त्या जीपमध्ये जी बाई चढली होती ती बाहेर आली नाही. बाहेर आला तो राग.

म्हणून आशाताई गेल्यावर बाईनं कुणाला एक शब्द न बोलता पत्र्याची पेटी उघडली. तळाशी आईचं लुगडं होतं. गिरिजाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. वापरून वापरून ते लुगडं इतकं मऊ झालेलं, की हातात घेतलं तर पाण्यासारखं बोटांतून ओघळावं. बाईनं ते उकळत्या पाण्यात घातलं, मागच्या छपरावर दोन दिवस उन्हात ठेवलं, मग त्याचे चौदा चौकोनी तुकडे केले. कडा हातानं दुमडल्या, शिवल्या, पुन्हा धुतल्या. सासू देवळात गेली की शिवायचं, आली की मांडीखाली. बावन्न वर्षांची बाई स्वतःच्या घरात चोरासारखी टोपडं शिवत होती, आणि त्याचाही तिला राग येत होता.

पिशवी तिनं धुतलेली, पण मुद्दाम कुणाच्या डोळ्यांत न भरणारी निवडली. सरकी-बियाण्याच्या कंपनीची, कापसाच्या बोंडाचं चित्र असलेली, जी या भागात दर घरात चार-चार सापडते. तळाशी फाईल आणि कागद. त्यावर लेकीचे पुढून बटणांचे गाऊन, पायमोजे, कान बांधायला रुमाल, ओवा-बाळंतशेपाची पुरचुंडी. त्यावर आईच्या लुगड्याचे चौदा तुकडे आणि टोपडं. आणि सगळ्यात वर, झाकण म्हणून, एक फाटका परकर. दाभणात सुतळी ओवून तिनं पोत्यासारखं पिशवीचं तोंड शिवून टाकलं, म्हणजे धूळ नको आणि कुणाचा हात नको.

नेमका त्या वेळी कचरूबा आत आला. "काय शिवून राह्यली?"

सासू पलीकडे जात्याजवळ बसलेली, कान टवकारून. आणि नवऱ्याला खरं सांगावं तर त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नाही; संध्याकाळच्या आत आईला सांगून मोकळा. बाई म्हणाली, "काय न्हाई. जुनी फडकी हायेत. भांडेवालीला द्यायचीत."

"बरं," कचरूबा म्हणाला. बाईनं त्याच्यादेखतच पिशवी कोठीमागं सारली.

आता हा माणूस असा, की बायकोनं सांगितलेली गोष्ट एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून जायची असं नाही, तर कानापर्यंतच पोचायची नाही. न्हाणीच्या दाराची कडी बसवा, हे बाई अकरा वर्षं सांगत होती. मीठ आणा म्हणलं तर माचिस आणायचा. कल्याणच्या लग्नाची तारीखसुद्धा त्यानं शेजाऱ्याला विचारली होती. पण तेहतीस वर्षांत बायकोचं एकच वाक्य त्यानं काळजावर कोरून ठेवलं, आणि ते हे.

आठ दिवसांनी बाई सकाळीच कापूस वेचायला रानात गेली. दिवस भरायला अजून दहा दिवस होते. इकडं गल्लीत शालू आली. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडी द्यायची, हा शालूचा धंदा. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेला कपड्यांचं गाठोडं, आणि आवाज असा की वेशीत हाक मारली तर रानात ऐकू यावी. "भांडीयेऽऽ! जुन्या कपड्यावर भांडीयेऽऽ!"

कचरूबाला आठवलं. आणि आठवलं याचाच त्याला एवढा आनंद झाला, की त्यानं स्वतः कोठीमागून पिशवी ओढून काढली. "फडकी हायेत, तुला द्यायला सांगितलीत घरच्यांनी," म्हणाला.

शालू कापड उलगडून, उन्हाला धरून, भोकं मोजून घेणारी बाई. पण मागच्या वर्षी या ओट्यावर तिनं एक साडी उलगडली, तेव्हा द्वारकाबाई अशी खवळली होती, "माझ्या घरचं कापड पारखून घेती व्हय गं? फसवणारं तोंड दिसतं का माझं?" की शालू पुढचे दोन महिने या गल्लीत फिरकली नव्हती. म्हणून आज तिनं शिवलेल्या तोंडातून फक्त बोटानं चाचपलं. परकर लागला. "द्वारकामावशीच्या घरचं कापड," ती म्हणाली, "उघडून काय बघायचं?" आणि एक कडीचा स्टीलचा डबा कचरूबाच्या हातात ठेवून तीर्थपुरीच्या बाजाराला निघून गेली.

अकराच्या सुमाराला बाई घरी आली. नवरा ओट्यावर डबा मांडीत घेऊन बसलेला, नव्या जावयासारखा चेहरा.

"हे काय?"

"डबा. तू म्हणली व्हतीस ना, फडकी भांडेवालीला द्यायचीत? दिली. पारखून घेतला बराबर. कडी बघ कशी हाय."

बाईनं कडीकडं बघितलंसुद्धा नाही. हे फार वाईट लक्षण. आत गेली, कोठीमागं हात घातला, बाहेर आली, डबा उचलला आणि समोरच्या भिंतीवर असा हाणला, की तीन घरं सोडून बांधलेली शेळी ओरडली.

"तेहतीस वर्षं!" बाई म्हणाली. "तेहतीस वर्षांत माझं एक बी ऐकलं न्हाई तुम्ही! कडी बसवली? मीठ आणलं? अन् आज ऐकलं! आजच ऐकायचं व्हतं? बहिऱ्या माणसाला देवानं एकदाच कान दिले अन् त्ये असे?"

"अगं पण तूच..."

"पोरीची फाईल व्हती तिच्यात! माझ्या मायचं लुगडं व्हतं!"

जात्याजवळून सखूबाई हळूच म्हणाली, "मंग भरलीच व्हतीस पिशवी. म्हणून तर ही बला आली."

"आत्याबाई," बाई वळून म्हणाली, "आज एक शब्द जादा बोलाल तर जात्याचा खुंटा उपटून ठिवीन. मंग दळा हातानं."

अर्पिताला हसू आलं. पोट धरून ती दाराच्या चौकटीत उभी होती. हसता हसता तिनं चौकट घट्ट पकडली, आणि हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

"माय," ती म्हणाली, "भांडण थांबव. पाणी गेलं."

शेजारच्या धम्मपालची जीप होती. पाच मिनिटांत दारात. जावयाला फोन गेला. सखूबाई मीठ-मोहरी ओवाळायला आली, ती ओवाळेपर्यंत बाईनं लेकीला मागच्या सीटवर बसवलं, आपण शेजारी बसली, हातात तो चेपलेला डबा. डबा का घेतला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कचरूबा पुढं बसला. जीप हलली, आणि तेवढ्यात बाईला समोरच्या काचेखाली पडलेलं तेलकट फडकं दिसलं. तिनं पुढं झुकून ते उचललं आणि खिडकीबाहेर फेकून दिलं.

"मावशी! काच पुसायचंय ते!"

"सदऱ्यानं पूस! आज या गाडीत फडकं दिसलं तर गाडी पेटवून दीन."

धम्मपालनं गिअर टाकला. कचरूबा खिडकीतून बाहेर बघत राहिला, मागं पडलेलं फडकं दिसेनासं होईपर्यंत.

"माय, जाऊ दे ना," अर्पिता म्हणाली. कळ येऊन गेली होती. "दवाखान्यात मिळतं की सगळं. फाईल नसली तर परत तपासतील रक्त."

"तपासतील. कव्हा तपासतील? अन् लेकराला अंगाला काय लावतील? तू मुकाट बस. मी आणते म्हणजे आणते."

घनसावंगीचा रस्ता तीर्थपुरीतूनच जातो. बाजाराच्या तोंडाशी बाईनं जीप थांबवली. "धम्मपाल, गाडी बंद करू नको. मी आले." आणि पदर खोचून ती गर्दीत घुसली. मिरच्यांचे ढीग, दोरखंडवाले, बांगड्यांची दुकानं. माणसं आपोआप बाजूला होत होती. ट्रकचीच गोष्ट.

लिंबाखाली शालूनं भांडी मांडलेली, मागं गाठोड्यांचा ढीग. आणि त्या ढिगात कापसाच्या बोंडाच्या पिशव्या एक नाही, सात.

"शाले! माझी पिशवी काढ!"

"कोणती, मावशी?"

"सकाळी नेली ती! तुला दिसतं का न्हाई, ती फडक्यांची पिशवी न्हाई म्हणून?"

"मला काय दिसायचं? शिवलेली पिशवी!" शालू कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिलाही चार माणसांत धंदा करायचा होता. "मावशी, दिलेला माल परत न्हाई होत. हे बाजाराचं बोलणं हाय. अन् उघडून बघितलं असतं तर तुम्हीच म्हणल्या असत्या, पारखून घेती व्हय? मागच्या सालचं इसरल्या का? कोणी दिली ती पिशवी, त्याला जाऊन इचारा!"

"कचरूनं दिली!"

बाई ओरडली आणि स्वतःच दचकली. बाजारातल्या दोन ओळखीच्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. तेहतीस वर्षं जपलेलं नाव भर बाजारात पडलं होतं. बाईनं ते उचलायचा प्रयत्न केला नाही. चेपलेला डबा पुढं केला. "हा घे तुझा डबा."

शालूनं डबा फिरवून बघितला. "हा पोचा कोणाच्या बापानं पाडला?"

"भिंतीनं. लेक जीपमधी कळा देऊन राह्यली, शाले. पिशवी दे."

शालूचे हात थांबले. मग तिनं ढीग उलथा केला. शिवलेल्या तोंडाची एकच पिशवी होती. तिनं ब्लेडनं सुतळी कापली, परकर बाजूला सारला, आणि वरच टोपडं दिसलं. तळहाताएवढं, मागं दोन बंद.

आता शालू खवळली. तिचा आवाज मुळातच वेशीतला, तो लिंबाच्या शेंड्याला जाऊन पोचला.

"बाई, तुम्हाला लाज वाटती का? बाळंतिणीचं गाठोडं फडकी म्हणून सांगता? नवऱ्याला फडकी म्हणून सांगता? दुपारच्या टेम्पोनं हे गाठोडं जालन्याला चाललं व्हतं. तिकडं चिंध्या करतात त्याच्या, मशिनी पुसायला! माझ्या हातून काय पाप झालं असतं, हाय का ध्यानात? मला तीन लेकरं हायेत! तुमच्या तोंडानं तुम्ही फडकी म्हणल्या, म्हणून फडकी झाली ना?"

द्वारकाबाईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच समोरून ट्रक येताना दिसला. ती बाजूला झाली. पिशवी छातीशी धरली, वळली.

"डबा न्या!" शालू मागून ओरडली. "बाळंतिणीच्या घरी दिलेलं भांडं मी परत घेत न्हाई. पोचा असला तरी!"

पिशवी आणि डबा घेऊन जीपपाशी आली तेव्हा बाईला दिसलं, की कचरूबा पुढच्या सीटवर बंडीवर बसलाय आणि त्याचा सकाळीच घातलेला, धुतलेला पांढरा सदरा घडी करून अर्पिताच्या मांडीवर ठेवलाय.

"उकडून राह्यलं का तुम्हाला? पोरीच्या अंगावर वझं कशाला?" बाई म्हणाली. उत्तराला थांबायला वेळ नव्हता. "हाण रे, जल्दी!"

दवाखान्यात सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला, "फाईल?" बाईनं ती काढून हातावर अशी आपटली, की सिस्टर म्हणाल्या, "मावशी, मी तर नुसतं विचारलं." लाल पेनाचं वाचून त्यांनी लगेच फोन केले, काय लागेल ते तयारीत ठेवलं, आणि अर्पिताला आत नेलं.

दुपार कलायला लागली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. चिडलेलं, घशाच्या तळातून आलेलं. दार अर्धं उघडलं. "बाळाचं कापड द्या. मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत."

बाईनं वरचा तुकडा काढला. गिरिजाबाईच्या लुगड्याचा, काठाकडचा. तो तिनं इतका घट्ट धरला होता, की सिस्टरनं दुसऱ्या हातानं तिची बोटं सोडवली.

मग ती व्हरांड्यात आली. बाकावर कचरूबा बसलेला, बंडीवरच. मांडीवर पोचा पडलेला डबा, त्यात समोरच्या हॉटेलातून आणलेलं गरम दूध. आणि सकाळपासून तुंबलेलं सगळं बाईच्या तोंडातून सुटलं. कडी, मीठ, माचिस, कल्याणच्या लग्नाची तारीख, सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून. बाजूच्या बाकावरची माणसं उठून लांब जाऊन बसली. "अन् दवाखान्यात बंडीवर बसलात, वरून! माणसं काय म्हणत असतील? त्यो सदरा कशाला काढला?"

कचरूबा नेहमीसारखा ऐकून घेत राहिला. बाईनं श्वास घेतला तेव्हा म्हणाला, "तूच म्हणली व्हतीस, फडकी हायेत म्हणून."

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मीच म्हणले," ती म्हणाली. "तुमच्या मायला भिऊन, माझ्या मायच्या लुगड्याला फडकं म्हणले. मीच."

कचरूबा डब्याची कडी वर-खाली करत होता.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "त्यो जीपवाला फडकं देत नव्हता. डिझेलचं हाय म्हणला. म्या हिसकून घेतलं. अंगात सदरा व्हता माझ्या. धुतलेला. ध्यानातच आलं न्हाई मला, द्वारके, की सदरा काढावा. पोरगं गेल्यावर आलं. तव्हापासून रोज येतं." कडी वर, कडी खाली. "आज तू पिशवी घ्यायला उतरलीस. म्हणलं, न्हाई सापडली तर."

एकतीस वर्षं तिनं जीपवाल्याला शिव्या दिल्या होत्या, सासूला दिल्या होत्या, त्या फडक्याला दिल्या होत्या. हा माणूस शेजारच्या खाटेवर निजत होता.

"एकतीस वर्षं गप बसलात?"

"तुला भिऊन."

राग पुन्हा वर आला. तो जाणार कुठं? पण आता त्याला कुणीकडं वळावं तेच कळेना. एकदा नवऱ्याकडं बघे, एकदा स्वतःच्या हातांकडं. तेवढ्यात दार उघडलं आणि सिस्टर बाळ घेऊन बाहेर आल्या. काठाचा तुकडा, त्यात एवढासा लालबुंद चेहरा, कपाळाला आठी. आठी बघून बाजूला गेलेली माणसंसुद्धा हसली. कुणावर गेलीय ते सांगायची गरज नव्हती.

"घ्या आजोबा," सिस्टर म्हणाल्या.

कचरूबा उठला, दोन्ही हात पुढं केले.

"थांबा!" द्वारकाबाई कडाडली. "हात धुतले का? डब्याला धरलेले हात, बाजाराचा डबा! नळ त्या तिकडं हाय. साबणानं धुवा. कोपरापर्यंत. अन् पुसू नका कशाला, तसेच या!"

कचरूबा निघाला. भर व्हरांड्यातून, बंडीवर, दोन्ही हात वर धरून. आज त्यानं बायकोचं दुसऱ्यांदा ऐकलं होतं, आणि बरोबर ऐकलं होतं. बाई मागून ओरडतच होती, "नखं! नखं बी घासा!" आणि ओरडता ओरडता तिनं पिशवीतून आईच्या लुगड्याचा दुसरा तुकडा काढला, नवऱ्याचे हात कोरडे करायला.